तुटीचा वाटा

सकाळी साडेआठला जयमालाने दोन भाकरी आणि वांग्याची भाजी फडक्यात बांधली आणि अंगणात आली. गोपाल मोटारसायकलीला टोपल्या बांधत होता. रात्रीच उपटून ठेवलेल्या कोथिंबिरीवर त्याने ओलं पोतं टाकलं होतं.

"पोरीले उठवजा," ती म्हणाली. "नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास हाये तिचा. अन् वरन गरम करून घ्या."

"तू कधी येशीन?"

"आज स्टॉक मोजनं नाई. सातले येतो."

गोपालची दीड एकर भाजी होती, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ती भाजी घर चालवत होती, पण पोरीचं शिक्षण चालवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी जयमालाने मोताळ्यातल्या भगवंतरावांच्या दुकानात नोकरी धरली. किराणा, साबण, तेल, भांडी असं सगळं रॅकवर मांडलेलं, गिऱ्हाइकाने हाताने उचलून टोपलीत टाकायचं आणि काउंटरवर पैसे द्यायचे. मोताळ्याची माणसं त्याला 'मॉल' म्हणत. पगार साडेसात हजार. कामाला पाच बाया.

दुकान उघडलं तेव्हा सगळ्या बायांना आनंद झाला होता. सावलीतलं काम, अंगावर एकसारखा निळा कोट, दुपारी पंखा. एक गोष्ट मात्र भगवंतरावांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवली होती. महिन्याच्या शेवटी सगळा माल मोजायचा. जो माल विकलाही गेला नाही आणि रॅकवरही नाही, त्याची किंमत पाच जणींच्या पगारातून सारखी कापायची.

"चोरी गिऱ्हाइकानं केली तरी?" त्या वेळी कुणीतरी विचारलं होतं.

"तुमचं लक्ष असलं तर गिऱ्हाईक चोरी करन कसं?" भगवंतराव हसून म्हणाले होते. "जिकडं तिकडं असंच हाये. जळगावात जाऊन पाहा, अकोल्यात पाहा."

खरंच सगळीकडे तसंच आहे, असं बायांनाही वाटलं. जो नियम सगळीकडे असतो तो बरोबरच असणार, अशी आपल्या लोकांची समजूत फार जुनी आहे. हुंडा याच समजुतीवर जगला. तुटीचा वाटाही असाच पाच बायांच्या संसारात येऊन बसला. कधी तीनशे, कधी पाचशे, दिवाळीच्या महिन्यात तर नऊशे. हळूहळू गिऱ्हाइकाकडे बघण्याची त्यांची नजर बदलत गेली. कुणी पिशवी उघडली की पाच जोडी डोळे तिकडे वळत. कुणाचं लेकरू बिस्किटाच्या रॅकशी थांबलं की एकजण त्याच्या मागे उभी राही. आपण राखणदार झालो आहोत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

त्या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, दुपारी सत्यभामाबाई आल्या. गावातलं मोठं घर, चाळीस एकर जमीन, कापसाचा व्यापार. ड्रायव्हर गाडीत बसून राहिला. जयमाला सुक्या मेव्याच्या रॅकपाशी होती. सत्यभामाबाईंनी बदामाचं पाकीट उचललं, भाव वाचला आणि खांद्यावरच्या पर्समध्ये टाकलं. मग काजूचं. मग तुपाची एक बरणी. पर्सची चेन ओढली आणि टोपलीत साखर, रवा, पोहे भरत त्या पुढे गेल्या. काउंटरवर साखर-रव्याचं बिल दिलं. जयमालाकडे पाहून हसल्या सुद्धा. "बरी आहेस ना गं?"

गाडी गेली तशी जयमाला भगवंतरावांच्या केबिनमध्ये शिरली.

"दादा, सत्यभामाबाईनं बदाम, काजू अन् तूप पर्समधी टाकलं. मी सोता पाह्यलं. कॅमेऱ्यातही असंन."

भगवंतरावांनी कॅमेऱ्याचं चित्रण मागे नेलं. दोघांनी पडद्यावर पाहिलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. हात, पर्स, चेनसुद्धा.

भगवंतरावांनी पडदा बंद केला.

"हे आपण पाह्यलंच नाई, असं समजायचं," ते म्हणाले. "त्यायच्या घरी लग्न हाये. दोन लाखाचा किराणा आपल्या दुकानातून जाऊन राह्यला. एका तुपाच्या बरणीसाठी तो घालवू काय?"

"मंग ते तुटीत नाई धरणार ना?"

"तूट म्हंजे तूट, जयमालाबाई. माल रॅकवर नाई, गल्ल्यात पैसे नाई. ते कुठं लिहू मी?"

भगवंतराव दुष्ट होते असं नाही. कुणाच्या घरी मयत झाली तर ते जात. रुपाली या तरुण कामवालीच्या लग्नात त्यांनी कूलर दिला होता. पण दुकानात होणारं नुकसान हे आपलंही असू शकतं, ही गोष्ट त्यांच्या मनाला कधी शिवली नाही. नुकसान उतरायला खाली पाच बाया होत्याच. उतारावरच्या पाण्याने आपोआप खाली जावं, तसं ते जात होतं.

एक मेला पगार झाला. जयमालाच्या पाकिटातून अकराशे साठ रुपये कमी होते. पोरीच्या परीक्षेची फी आणि बुलढाण्याला जाण्याचा खर्च त्याच पगारातून निघायचा होता. तिने पाकीट परत मोजलं नाही. बाहेर येऊन रुपालीला म्हणाली, "या महिन्यात एकही वस्तू जाऊ द्यायची नाई. जो कोनी नेईन त्याचा हात धरायचा. मंग तो कोनी का असंना."

रुपाली म्हणाली, "सत्यभामाबाई आली तं?"

कोणाचा हात धरता येतो आणि कोणाचा नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन असं पडलं की सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसेना. बाजाराचा दिवस होता. खेड्यापाड्यातली माणसं पहाटेच येऊन माल विकून, उन्हाच्या आधी परतायची घाई करत होती. अकराच्या सुमारास दुकानात पंचफुलाबाई आली.

पंचफुलाबाई सत्तरीची. मोताळ्यापासून चार-साडेचार किलोमीटरवरच्या खेड्यातली. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. मुलगा शेषराव ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, हंगामात वरवट बकालपर्यंत कामाला जाणारा. घरामागच्या तुकड्यात ही भेंडी, गवार, कांद्याची पात लावायची आणि दर बाजाराला टोपलं घेऊन बसायची. नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, हातात कापडी पिशवी.

पिशवी काउंटरवर ठेवून आत जायचा नियम होता. रुपाली त्या वेळी बिलात गुंतली होती आणि म्हातारी पिशवीसकट आत गेली. चहापत्तीचं पाकीट घेतलं. साबणाच्या रॅकपाशी उभी राहिली. तिने पिशवीत हात घातला, काहीतरी खालीवर केलं. जयमालाने ते दुरून पाहिलं. डोक्याच्या तेलाचा रॅक साबणाच्या शेजारीच होता.

म्हातारी चहापत्तीचे पैसे देऊन दाराकडे वळली तेव्हा जयमालाने तिच्या पिशवीला हात घातला.

"आजी, पिशवी दाखवा."

"काऊन व माय?"

"दाखवा म्हनलं ना."

पिशवीत उरलेली गवार होती, चहापत्ती होती आणि गवारीच्या खाली खोबरेल तेलाची बाटली होती. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. सगळी थांबून पाहू लागली.

"हे कोन्या बिलात हाये?" जयमालाने मोठ्याने विचारलं.

"हे म्या बाजारातून घेतलं. त्या टपरीवरून. नातीसाठी." म्हातारी शांतपणे म्हणाली. आपल्यावर कसला आरोप होतो आहे, हे तिला अजून उमगलंच नव्हतं.

"सगळे असंच म्हनतात," जयमाला म्हणाली.

आवाज ऐकून भगवंतराव केबिनमधून आले. त्यांनी बाटली पाहिली, म्हातारीकडे पाहिलं. "आत घ्या हिला," ते म्हणाले.

आत म्हणजे मागची गोदामाची खोली. वर पत्रे, खिडकी एकच, तीही पोत्यांनी झाकलेली. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. दुकानातले दोन दिवे बॅटरीवर होते, पण पंखे नव्हते आणि कॅमेरेही बंद होते. म्हातारीला एका उलट्या क्रेटवर बसवलं. भगवंतरावांनी टेबलावर बाटली ठेवली आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो काढला.

"दोन हजार दंड भर, नाई तर पोलीस बोलावतो," ते म्हणाले. "पोराचा नंबर दे."

"दंड काऊन भरू? म्या घेतलंच नाई तुमचं."

नंबर एका कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कमरेच्या पिशवीत ठेवलेला होता. भगवंतरावांनी फोन लावला. शेषरावने उचलला नाही. ट्रॅक्टरवर असणाऱ्या माणसाला फोन कुठला ऐकू येतो? त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला.

त्या वेळात जयमाला टेबलापाशी उभी होती. बाटली तिच्यापासून हातभर अंतरावर होती. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर ती आणि रुपाली स्वतःच्या हाताने पांढरी चिकटपट्टी लावत, भावाची आणि दुकानाच्या नावाची. बाटली कितीही हाताळली, पट्टी निघाली तरी तिचा चिकटा राहतो. या बाटलीवर काहीच नव्हतं. जयमालाने ती उचलून फिरवून पाहिली. झाकण, तळ, मागची बाजू. बाटली त्यांच्या दुकानातली नव्हती.

तिने भगवंतरावांकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात भगवंतराव फोन कानाला लावूनच म्हणाले, "हिचे दोन हजार निघाले का या महिन्याच्या तुटीतून वजा करून टाकतो. तुमच्या पाचही जणींचे चारशे-चारशे वाचले. शाबास, जयमालाबाई. असं लक्ष पाह्यजे."

जयमालाचं तोंड मिटलं.

तिने बाटली टेबलावर ठेवली. आता सांगते, थोड्या वेळाने सांगते, असं तिने स्वतःला समजावलं. मुलगा येईल, दोन शब्द बोलेल, भगवंतराव शे-दोनशे घेऊन सोडतील, मग कशाला आपण मध्ये पडायचं? असं काहीतरी तिच्या डोक्यात चाललं होतं. तिने ते नंतर जसंच्या तसं सांगितलं, म्हणून ते इथे लिहिता येतं.

रुपाली पाण्याचा ग्लास घेऊन आली. "आजी, पानी घ्या."

पंचफुलाबाईच्या कपाळावर घामाच्या धारा होत्या. ओठ कोरडे पडले होते. तिने ग्लासाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"ज्या घरात मले चोर म्हनलं त्या घरचं पानी मी नाई पेत," ती म्हणाली. "पयले म्हना का ही चोर नाई. मंग पेईन."

रुपालीने जयमालाकडे पाहिलं. जयमाला पोती मोजू लागली.

साडेअकराचे साडेबारा झाले. दीड झाला. पत्र्याची खोली भट्टीसारखी तापली. म्हातारीच्या गावच्या दोन बाया स्टँडवर तिची वाट पाहत होत्या. शेवटी काळीपिवळी जीप भरली आणि त्या निघून गेल्या. रुपालीने पुन्हा दोनदा पाणी नेलं. दोन्ही वेळा ग्लास तसाच परत आला. तिसऱ्यांदा म्हातारी काही बोललीसुद्धा नाही. नुसती मान हलवली.

सव्वादोनला भगवंतराव कंटाळले. फोन लागत नव्हता आणि दुकान सोडून बसणंही परवडत नव्हतं. म्हातारीच्या कमरेच्या पिशवीत भाजीचे तीनशे चाळीस रुपये होते. ते त्यांनी घेतले. एका कागदावर 'मी तेलाची बाटली चोरली, पुन्हा करणार नाही' असं लिहून तिचा अंगठा घेतला. अंगठा देताना ती काय कागद आहे हे विचारायच्याही अवस्थेत नव्हती.

"जा आता," ते म्हणाले.

पंचफुलाबाई उठली. दाराशी आली तेव्हा तिचा तोल गेला. तिने चौकट धरली. जयमाला तिथेच उभी होती. तिच्या कोटाच्या खिशात वीस रुपये होते, ऑटोला पुरले असते. तिचा हात खिशापर्यंत गेलाही. पण भगवंतराव पाठीमागून पाहत होते. चोराला भाडं देणारी कामवाली, असं झालं असतं. हात खिशातच राहिला. म्हातारी रस्त्यावर उतरली आणि उन्हात चालू लागली. तेलाची बाटली टेबलावरच राहिली होती. ती पुढे दोन दिवस तिथेच होती.

जयमाला सात वाजता घरी आली. गोपाल ओट्यावर बसला होता. त्याच्या सदऱ्यावर माती होती आणि एक बाही फाटलेली होती. पोरगी दाराशी गप्प उभी होती.

"काय झालं?"

"आपल्या वावराच्या अलीकडं, बाभळीपाशी एक म्हातारी पडेल होती," गोपाल सावकाश म्हणाला. "मी बाजारातून येऊन राह्यलो होतो. पाह्यलं तं पंचफुलाबाई. बाजारात माह्या बाजूलेच बसते ना ती. अंग नुस्तं चटके देऊन राह्यलं होतं. एका पोराले सोबत घेऊन दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हने ऊन लागलं. सलाईन लावलं, बरफ लावला. पाच वाजता गेली."

जयमालाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"रस्त्यात एकदा शुद्धीवर आली," गोपाल पुढे म्हणाला. "म्हने, म्या चोरलं नाई. दोनदा म्हने. काय चोरलं, कोन म्हने चोरलं, मले तं काई समजलं नाई. स्टँडवर इचारलं तं लोक म्हनतात, मॉलमधी कोनं तिले दोन-तीन घंटे बसवून ठेवलं. तुमच्या मॉलमधी. तुले काई मालूम हाये काय?"

"मी धरलं होतं तिले," जयमाला म्हणाली.

गोपालने तिच्याकडे पाहिलं. पोरगी घरात निघून गेली.

"चोरलं होतं तिनं?"

"नाई."

"तुले कधी समजलं?"

"तेव्हाच."

ती त्याच्या शेजारी ओट्यावर बसली. रस्त्याने म्हशी गेल्या, त्यांची धूळ खाली बसली. शेजारची बाई पाणी भरायला हंडा घेऊन आली आणि दोघांकडे पाहून न बोलता परत गेली. शेवटी गोपाल म्हणाला, "तिच्या पोराले कोन सांगन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतराव स्वतः जयमालाच्या घरी आले. येताना आंब्याची पेटी आणली होती. ते फार अस्वस्थ होते. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण उन्हानं दरवर्षी माणसं मरतात. आपण तिला मारलं नाई. पोलीस आले तर एवढंच सांगायचं, का चोरी सापडली, आपण समज दिली अन् दहा मिनिटात सोडलं. बाकी चौघी तसंच सांगणार हायेत. तुम्ही एक सही करा." त्यांनी कागद पुढे केला. "अन् या महिन्यात कोनाचीच कपात नाई. मागचीही पाहू आपण."

जयमालाने कागद वाचला. तिला लिहितावाचता चांगलं येत होतं, दहावी पास होती ती. कागदावर 'दहा मिनिटे' असे शब्द होते.

"दादा, ती बाटली आपली नव्हती," ती म्हणाली. "चिकटपट्टी नव्हती तिच्यावर. मले मालूम होतं."

भगवंतरावांचा चेहरा बदलला. "मग तेव्हा का नाई बोलल्या?"

"तुमी म्हनलं ना, चारशे रुपये वाचले म्हनून."

भगवंतराव उठले. कागद त्यांनी खिशात घातला. "इचार करा," ते म्हणाले. "पोरीचं शिक्षण हाये तुमच्या." आंब्याची पेटी तिथेच राहिली. गोपालने ती संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी जयमाला पंचफुलाबाईच्या गावी गेली. गोपालने तिला मोटारसायकलीवर सोडलं आणि तो गावाबाहेर थांबला. घरासमोर मांडव घातला होता. शेषराव डोकं भादरून बसला होता. चाळिशीचा, अंगाने दणकट, ट्रॅक्टरच्या उन्हाने काळा पडलेला. त्याच्या मोबाइलवर आदल्या संध्याकाळपासून कोणीतरी एक फोटो पाठवत होतं. गोदामातली म्हातारी, टेबलावरची बाटली आणि खाली लिहिलेलं, 'चोर ओळखा'. भगवंतरावांनी तो त्याच दिवशी दुपारी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो तालुकाभर फिरला होता. मौतीला आलेले लोकही तो पाहून आले होते.

जयमाला मांडवात बसली नाही. उभीच राहिली.

"शेषरावभाऊ, मी मॉलमधी काम करतो. तुमच्या मायले मीच धरलं. तिनं काई चोरलं नव्हतं. बाटली तिची सोताची होती. मले ते मालूम होतं अन् मी बोलली नाई."

बाया रडायच्या थांबल्या. शेषरावने मान वर केली. त्याच्या मांडीवर त्याची सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती.

"काऊन नाई बोलली?" त्याने विचारलं. आवाज वाढलेला नव्हता.

"चोरी झाली का आमचा पगार कापतात. तुमच्या मायच्या दंडानं आमची कपात वाचणार होती."

"किती?"

"चारशे."

एक म्हातारा मध्येच उठून जयमालाला दोन शब्द सुनवायला लागला, तेव्हा शेषरावनेच त्याला हाताने थांबवलं. "हे सगळ्यायसमोर म्हनशीन?" त्याने विचारलं. "पोलिसात? माह्या मायचा फोटो गावोगाव फिरून राह्यला. लोकायले समजलं पाह्यजे."

"म्हनन," जयमाला म्हणाली.

पोलीस ठाण्यात आधी 'आकस्मिक मृत्यू' अशी नोंद झाली होती. जयमालाच्या जबाबानंतर भगवंतरावांवर म्हातारीला कोंडून ठेवल्याचा आणि पैसे घेतल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्यात जयमालाचंही नाव आलं. ठाणेदारांनी तिला दोनदा विचारलं, बाई, तू स्वतःलाच अडकवून घेते आहेस, कळतं का? तिने हो म्हटलं. तो खटला अजून उभा राहायचा आहे. भगवंतरावांनी चांगला वकील दिला आहे. उन्हाने मेली की कोंडल्याने, यावर तिथे बराच काथ्याकूट होईल.

जयमालाची नोकरी गेली हे सांगायला नको. मेचा पगारही मिळाला नाही. पोरीची परीक्षा गोपालच्या मोटारसायकलीवर झाली, ती विकून. आता तो भाजी सायकलीवर नेतो. गावात निम्मे लोक जयमालाला म्हातारीची मारेकरीण म्हणतात आणि निम्मे म्हणतात की मालकाच्या मिठाला जागली नाही. दोन्ही तिने ऐकून घेतलं. पंचफुलाबाईच्या मरणात आपला हात आहे, हे तिने कधी नाकारलं नाही. पण तो हात तिकडे कोणत्या नियमाने वळवला, हेही तिला लोकांना दाखवायचं होतं. म्हणून जूनच्या अखेरीस ती एसटीने बुलढाण्याला, सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेली. सोबत रुपाली होती. ती अजून दुकानात कामाला होती आणि आजारी असल्याचं सांगून आली होती.

अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून लिहून घेतलं. मग चष्मा काढला.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "एखादा माल तुमच्या नावाने तुमच्या ताब्यात दिला असेल, तो तुमच्याच निष्काळजीपणाने गेला असेल, आणि कापायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असेल, तरच त्या नुकसानीएवढी कपात करता येते. गिऱ्हाइकाने चोरलं आणि पाच जणींत वाटून टाकलं, याला कायद्यात जागा नाही. शिवाय तुमचा पगारच किमान वेतनापेक्षा कमी दिसतोय. तीन वर्षं चाललं हे? कोणी तक्रार केली नाही?"

"मॅडम, आमाले वाटे का सगळीकडंच असं असते," रुपाली म्हणाली.

"असतं सगळीकडे," अधिकारी बाई म्हणाल्या. "म्हणून ते बरोबर होत नाही."

पंधरा दिवसांनी त्याच कार्यालयात भगवंतरावांना बोलावलं गेलं. ते वकिलाला घेऊन आले. थकल्यासारखे दिसत होते. फोटोची आणि जयमालाच्या जबाबाची बातमी झाल्यापासून दुकानातली गर्दी ओसरली होती. सत्यभामाबाईंच्या घरचा लग्नाचा किराणाही शेवटी दुसरीकडूनच गेला होता.

वकिलांनी सरळ प्रस्ताव ठेवला. पाचही बायांची तीन वर्षांची सगळी कपात परत करायला मालक तयार आहेत, जयमालाचा राहिलेला पगारही. फक्त तिने आपल्या अर्जातला एक परिच्छेद काढून टाकावा. मयत बाईचा आणि कपातीचा संबंध जोडलेला. तो इथे गैरलागू आहे.

जयमालाच्या वाट्याला वीस हजारांच्या वर रक्कम येत होती. पोरगी नर्सिंगला लागली होती आणि होस्टेलचे पैसे भरायचे होते. अधिकारी बाईंनी अर्ज समोर घेतला आणि तो परिच्छेद वाचून दाखवला. 'बाटली आमच्या दुकानातली नाही हे मला समजले होते. कपात वाचेल म्हणून मी गप्प राहिले. म्हातारीने त्या कारणाने पाणी घेतले नाही.'

"कायद्याने बघाल तर कपातीच्या तक्रारीला याची गरज नाही," त्या म्हणाल्या. "हे तुमच्याविरुद्ध कोर्टात वापरतील. काढायचं असेल तर आत्ता काढता येईल. मी तुम्हाला सांगणं माझं काम आहे."

"दादा," जयमाला भगवंतरावांकडे वळून म्हणाली, "तुमी तिचा कागद लिवून घेतला होता, चोरी केली म्हनून. तो फाडला काय?"

वकील म्हणाले, "तो विषय वेगळा आहे."

"मंग माह्या कागदातलंही काई निघत नाई," जयमाला म्हणाली. आणि अधिकारी बाईंना म्हणाली, "मॅडम, ते आता कुठं लिहेल हाये? मधात?"

"तिसऱ्या पानावर."

"ते पयल्या पानावर घ्या. पगाराचं त्याच्या खाली लिवा."

अधिकारी बाईंनी नवीन कागद घेतला. लिहायला पंधरा मिनिटं लागली. अर्जाच्या शेवटी पाच जणींच्या सह्यांसाठी पाच ओळी आखल्या होत्या. पहिल्या ओळीवर जयमालाने सही केली. रुपालीने पेन हातात धरलं, समोर बसलेल्या मालकाकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या ओळीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं.

बाकीच्या तिघी अजून दुकानात कामाला जातात. त्यांच्या ओळी कोऱ्या आहेत.